किल्ली हातीं देण्यापूर्वीं : विजेची मोटार आणि घरांतील नवे चालक

घरांत मोटार घ्यावयाची असें एकदां ठरलें म्हणजे एकत्र कुटुंबांत मतांचा तुटवडा कधींच पडत नाहीं. आजोबांना गुडघे न वांकवितां चढतां-उतरतां येईल अशी उंच गाडी हवी असते. आजींना शेगांवच्या दर्शनास सर्वांना एकदम घेऊन जाणारी हवी असते. काकांचें लक्ष एकदां वीज भरली म्हणजे गाडी किती किलोमीटर जाते याकडे, तर काकूंचें लक्ष मागच्या डिकींत किती सामान मावतें याकडे. आणि मुलें रंग व समोरचा मोठा पडदा पाहून निकाल देऊन मोकळीं होतात. सर्वांचें ऐकून घेऊन वडील पैशाचा हिशेब मांडतात. या चर्चेंत एक प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. ही गाडी उद्यां चालविणार कोण?

आज गाडी घेणारे गृहस्थ स्वतः चालविणार, हें खरें. परंतु विजेच्या मोटारींच्या बॅटरीची हमीच पुष्कळ कारखानदार आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरांची देतात. गाडी घरांत आठ-दहा वर्षें राहणार हें गृहीत धरलें, तर आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा दोन वर्षांत आणि चौदा वर्षांची मुलगी चार वर्षांत परवान्यास पात्र होते. म्हणजे या गाडीच्या आयुष्याचा मोठा भाग हीं मुलें तिच्या स्टिअरिंगमागें असतांना जावयाचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखाचें सांगणें थोडक्यांत हेंच आहे कीं, मोटार निवडतांना घरांतील सर्वांत निष्णात चालकाकडे पाहूं नये. सर्वांत कच्च्या हाताकडे पाहावें. जी गाडी कच्च्या हातांत सुरक्षित राहील ती पक्क्या हातांत राहीलच; याच्या उलट मात्र खात्री देतां येत नाहीं.

रस्ते कोणते, तेंही पाहावें

मोटारींचीं वर्णनपत्रें वाचतांना रस्ता गुळगुळीत, दिवस स्वच्छ आणि समोर कोणी नाहीं असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. आपण त्याऐवजीं खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजासारखें गांव डोळ्यांपुढें आणूं. येथील मुलें शिक्षणासाठीं खामगांवास, बुलढाण्यास, अमरावतीस किंवा पुण्यास जातात आणि दिवाळीच्या सुटींत घरीं परततात. नेमका तोच हंगाम सोयाबीन घरीं येण्याचा आणि कापूस वेंचण्याचा असतो. मागचा दिवा नसलेली ट्रॉली, कापसानें भरलेली बैलगाडी, रस्त्याच्या कडेनें परतणारीं गुरें, सायकलवरून घरीं निघालेलीं शाळेंतील मुलें, असा हा संध्याकाळचा रस्ता असतो. परीक्षेचा ताण संपलेला, नवा परवाना खिशांत, घरांत नवी गाडी आणि मित्र जमलेले, अशा स्थितींत अठरा वर्षांचा तरुण पहिल्यानें बाहेर पडतो तो याच रस्त्यावर.

तेथून थोडें पुढें गेलें कीं खामगांव, नांदुरा व मलकापूर या गांवांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ लागतो. त्यावर अवजड मालमोटारींची रांग सहसा तुटत नाहीं. बुलढाणें पठारावर असल्यामुळें तेथें जावयाचें तर मोताळ्याच्या बाजूनें राजूरचा घाट किंवा खामगांवच्या बाजूनें बोथ्याचा घाट चढावा लागतो. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून मेहकर व सिंदखेड राजा या भागांतून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर हलक्या प्रवासी वाहनांस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथें याच महामार्गावर एका खासगी बसला अपघात होऊन ती पेटली व २५ प्रवासी मृत्यु पावले, हें जिल्ह्यांतील लोक विसरले नसतील. ती बस विजेची नव्हती आणि ती चालविणारा पोटासाठीं तेंच काम करणारा मनुष्य होता. अशा माणसाच्या हातूनही जेथें क्षणार्धांत अनर्थ होतो, तेथें नवशिक्यास किती जपून पाठवावें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

विजेची मोटार निराळी कशी?

पेट्रोलच्या गाडींत यंत्राला जोर येण्यास थोडा अवधि लागतो. गिअर बदलावे लागतात, आवाज वाढतो, आणि तो आवाजच चालकास वेगाची जाणीव करून देतो. विजेच्या यंत्राचें तसें नाहीं. उभ्या स्थितींतून पाऊल दाबतांक्षणींच त्याचा पूर्ण जोर चाकांवर येतो. गिअर नाहींत, आवाज जवळजवळ नाहीं, थरथर नाहीं. ताशीं ४० आणि ताशीं ८० यांतील फरक कानाला कळत नाहीं. तो फक्त कांट्यावर दिसतो, आणि नवशिक्याचे डोळे कांट्यावर क्वचितच असतात.

हा फरक किती मोठा आहे तो साध्या गणितानें पाहावा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरलें, तर ताशीं ४० च्या वेगांत गाडी तेवढ्यांत ११ मीटर पुढें जाते व कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें ९ मीटर लागतात. एकूण २० मीटर. ताशीं ८० च्या वेगांत हेच आंकडे सुमारें २२ व ३५ होतात; एकूण ५७ मीटर. वेग दुप्पट झाला, पण थांबण्याचें अंतर जवळजवळ तिप्पट झालें, आणि आघाताची शक्ति तर चौपट. बिनदिव्याची ट्रॉली चाळीस मीटरांवर दिसली, तर पहिला चालक निवांत थांबतो. दुसरा मात्र तिच्यावर जाऊन आदळतो.

विजेच्या मोटारीचे कांहीं गुणही सांगितले पाहिजेत. जड बॅटरी तळाशीं असल्यामुळें गुरुत्वमध्य खालीं येतो आणि गाडी उलटण्याचा संभव कमी होतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला कीं तेंच यंत्र उलट वीज निर्माण करूं लागतें व गाडी आपोआप मंदावते. घाट उतरतांना ही मोठी सोय आहे. परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवावयास जागाच नसते आणि ही मंदावण्याची शक्ति बरीच घटते. बुलढाण्यास शंभर टक्के वीज भरून लगेच राजूरचा घाट उतरूं लागलें, तर नेहमींच्या संवयीनें पाय उचलणाऱ्या मुलास गाडी आज कां मंदावत नाहीं याचा उलगडा होणार नाहीं. ही गोष्ट त्याला आधींच सांगून ठेवली पाहिजे.

शिवाय गिअर नसल्यामुळें विजेची मोटार शिकण्यास फार सोपी वाटते. चुकीचें पाऊल पडलें असतां गिअरच्या गाडींत यंत्र पुष्कळदां गचके खाऊन बंद पडतें. येथें गाडी निमूटपणें आज्ञा पाळते. १७ जून २०२४ रोजीं खुलताबादजवळ सुलीभंजन येथील दत्तमंदिराच्या परिसरांत गाडी शिकणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या तरुणीची मोटार मागें जातां जातां दरींत कोसळली आणि ती मृत्यु पावली. ती गाडी विजेची नव्हती. परंतु नवशिक्याचा पाय ब्रेकऐवजीं दुसरीकडे पडणें म्हणजे काय, याचें हें आपल्याच भागांतील दारुण उदाहरण आहे. विजेच्या गाडींत त्याच चुकीला अधिक जोर मिळतो.

पुण्याची घटना आणि कायदा

१९ मे २०२४ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर पुण्याच्या कल्याणीनगर भागांत एका मोटारीनें दुचाकीस धडक दिली आणि दुचाकीवरील दोन तरुण अभियंते, एक युवक व एक युवती, प्राणांस मुकले. मोटार चालविल्याचा आरोप अठरा वर्षें पूर्ण न झालेल्या मुलावर ठेवण्यांत आला. पुढें त्याच्या वडील माणसांवरही खटले झाले. त्या प्रकरणाच्या न्यायनिवाड्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. परंतु मोटार निवडणाऱ्या गृहस्थानें त्यांतील एक गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी. ती मोटार पोर्शे टायकान होती, म्हणजे विजेवर चालणारी आणि विलक्षण शक्तीची. एवढी शक्ति घरांत आणून ठेवणें हा निर्णय त्या रात्रीचा नव्हता. तो गाडी विकत घेतली त्या दिवशींच झालेला होता.

कायदा याविषयीं संदिग्ध नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून सार्वजनिक ठिकाणीं मोटार चालवितां येत नाहीं. सोळाव्या वर्षीं परवानगी आहे ती केवळ पन्नास सी.सी. पर्यंतच्या दुचाकीची. विजेच्या दुचाकींपैकीं ज्यांचें यंत्र २५० वॉटांहून कमी शक्तीचें असून वेग ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत मर्यादित असतो व ज्या तशा मान्यताप्राप्त आहेत, त्यांना परवाना लागत नाहीं. याहून मोठ्या शक्तीची विजेची स्कूटर ही कायद्यानें पूर्ण मोटार-दुचाकी होय. 'पेट्रोल लागत नाहीं, म्हणून परवानाही लागत नाहीं' ही समजूत गांवोगांव ऐकूं येते, पण ती चुकीची आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनें या कायद्यांत १९९-अ हें कलम आलें आणि जबाबदारी सरळ घराच्या उंबऱ्यावर आली. अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो; वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते; आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्याची आपण सर्व खबरदारी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. एकत्र कुटुंबांत मालक एक, किल्ली ठेवणारा दुसरा आणि लाड करणारा तिसरा असतो. पण न्यायालयांत उभें राहावें लागतें तें नोंदणीवर नांव असणाऱ्यास आणि पालकास. खिळ्याला टांगलेली किल्ली ही सर्व खबरदारी घेतल्याची खूण खचित नव्हे.

तारे काय सांगतात आणि काय सांगत नाहींत

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. भारतांत १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही मोटारींची आघात-परीक्षा सुरू झाली. तींत गाडी ताशीं ६४ किलोमीटर वेगानें समोरून अडथळ्यावर आदळवितात; ताशीं ५० च्या वेगानें तिच्या कुशीवर आघात करतात; आणि वरच्या श्रेणीसाठीं ताशीं २९ च्या वेगानें ती खांबावर बाजूनें आदळवितात. प्रौढांच्या रक्षणासाठीं ३२ पैकीं आणि लहान मुलांच्या रक्षणासाठीं ४९ पैकीं गुण देऊन एक ते पांच तारे बहाल होतात. परीक्षा सक्तीची नाहीं. म्हणून जी गाडी परीक्षेस बसलेलीच नाहीं, तिच्याविषयीं विक्रेत्याच्या तोंडच्या स्तुतीस गुण समजूं नये.

या परीक्षेंत विजेच्या कित्येक मोटारी उत्तम उतरल्या आहेत. २०२४ मध्यें टाटा पंच ई.व्ही. हिला प्रौढांच्या रक्षणांत ३२ पैकीं ३१.४६ व मुलांच्या रक्षणांत ४९ पैकीं ४५ गुण मिळाले. टाटा नेक्सॉन ई.व्ही. हिला अनुक्रमें २९.८६ व ४४.९५. महिंद्राच्या एक्स.यू.व्ही. ४०० हिलाही त्याच वर्षीं पांच तारे मिळाले. महिंद्राच्या बी.ई. ६ हिला ३१.९७ व ४५ असे जवळजवळ पूर्ण गुण मिळाले. उलट, विजेची म्हणून प्रत्येक गाडी भक्कम असते असेंही नाहीं. २०२४ मध्यें 'ग्लोबल एनकॅप' या परदेशीय संस्थेनें तपासलेल्या सिट्रोएन ई-सी ३ या गाडीस प्रौढांच्या रक्षणांत एकही तारा मिळाला नव्हता. अशा गाड्यांत पुढें सुधारणा होत असतात. म्हणून घेण्याच्या वेळीं त्या वर्षाच्या, त्याच प्रकारच्या गाडीचा निकाल मागून पाहावा.

मात्र येथेंच एक सापळा आहे. वर सांगितलेल्या पंच व बी.ई. ६ या दोन्ही गाड्यांना पांचच तारे आहेत. परंतु २०२४ सालीं आलेल्या लहान बॅटरीच्या पंचमधील यंत्राची शक्ति ६० किलोवॉट होती आणि मोठ्या बॅटरीच्या बी.ई. ६ ची २१० किलोवॉट आहे, म्हणजे साडेतीनपट. धडक झाल्यावर आंत बसलेल्यांचें रक्षण किती होईल, एवढेंच तारे सांगतात. धडक होण्याचा मोह गाडी किती पाडते, हें ते सांगत नाहींत. समोरच्या सायकलस्वाराचें काय होईल, हें तर फारच थोडें सांगतात. शिवाय परीक्षा ताशीं ६४ च्या वेगाची आहे. ताशीं १२० च्या वेगांतील आघाताची शक्ति तिच्या साडेतीनपट होते, आणि तेथें पांच ताऱ्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं.

अमेरिकेंत तरुणांच्या अपघातांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. तेथें सोळा ते एकोणीस वर्षांच्या चालकांकडून दर मैलामागें प्राणघातक अपघात होण्याचें प्रमाण विशीपुढील चालकांच्या जवळजवळ तिप्पट आढळतें. म्हणून तेथील तज्ज्ञ नव्या चालकासाठीं अति शक्तिमान् गाडी टाळा, अगदींच चिमुकली व हलकीही घेऊं नका, आणि घसरण आंवरणारी योजना असल्याखेरीज कोणतीच घेऊं नका, असा सल्ला देतात. ही योजना ई.एस.सी. किंवा ई.एस.पी. या नांवानें ओळखली जाते. वळणावर गाडी घसरूं लागली, तर ती एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी वाटेवर आणते. एकट्याच गाडीच्या प्राणघातक अपघातांचा संभव तिच्यामुळें सुमारें निम्म्यानें घटतो, असें तेथील अनुभवावरून दिसतें. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो. तेथें या योजनेचें मोल आपल्याकडेही कळेल.

यावरून घ्यावयाची गाडी कशी असावी हें ठरवितां येतें. पांच तारे, सहा एअरबॅगा आणि ई.एस.सी. या तीन गोष्टी असाव्यात. शक्ति बेताची असावी. घरच्या कामास ६० ते १०० किलोवॉट पुरेशी होते, आणि बॅटरी मोठी हवी म्हणून शक्तीही भरमसाट घ्यावी असें नाहीं. प्रत्येक आसनाला खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पूर्ण पट्टा असावा आणि मागच्या आसनांवरही पट्टा न लावल्यास घंटा वाजणारी गाडी असावी. वेगाची मर्यादा बांधून ठेवण्याची सोय कांहीं गाड्यांत असते. ती आहे कीं नाहीं, हें विक्रेत्याकडून प्रत्यक्ष चालवून दाखवून घ्यावें. ताशीं ८० च्या पुढें अधूनमधून व १२० च्या पुढें सतत घंटा वाजविण्याची योजना तर नियमानेंच प्रत्येक नव्या मोटारींत असते. ती बंद करून देतों म्हणणाऱ्या कारागिराच्या दुकानाची पायरीही चढूं नये. समोर अडथळा येतांच आपोआप ब्रेक लावणाऱ्या योजना उपयोगी आहेत. पण काळोखांत बिनदिव्याची बैलगाडी त्यांना दिसेलच, या विश्वासावर कोणी गाडी हांकूं नये.

किती माणसें, तितके पट्टे

एकत्र कुटुंबाच्या मोटारींत सर्वांत मोठा दोष यंत्राचा नसतो. तो मांडीवर बसविलेल्या मुलाचा असतो. पांच आसनांच्या गाडींत सात माणसें बसविणें हें आपल्याकडे प्रेमाचें लक्षण समजलें जातें. परंतु मांडीवरचें मूल धडकेच्या वेळीं कोणत्याही आईच्या हातांत राहूं शकत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री मृत्यु पावले. गाडी उत्तम होती, पण मागें बसलेल्यांनीं पट्टे लावलेले नव्हते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत रस्त्यावर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं १६,७१५ जणांनीं पट्टा लावलेला नव्हता, आणि शेंकडा ७१ हून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदराखालीं पडले. वेग आणि पट्टा या दोन्ही गोष्टींस पैसा पडत नाहीं. शिस्त मात्र पडते.

म्हणून नेहमींचीं माणसें मोजून आसनें घ्यावीं. सहा-सात माणसें नित्य जावयाचीं असतील, तर आतां तितक्या आसनांच्या विजेच्या गाड्याही मिळूं लागल्या आहेत. नाहीं तर दोन खेपा कराव्या. लहान मुलांच्या खुर्चीसाठीं आयसोफिक्सचे लोखंडी आंकडे मागच्या आसनांत आहेत कीं नाहींत, हें स्वतः हात घालून पाहावें.

बॅटरी, ऊन आणि घरची वायर

विजेच्या गाडीविषयीं घरांतील वृद्धांच्या मनांत आगीची भीति असते आणि ती अगदींच निराधार नाहीं. जून २०२२ मध्यें वसई येथें एक विजेची मोटार पेटली होती. मात्र त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे भारतीय नियम कडक होऊन डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं अमलांत आले. एल.एफ.पी. या नांवानें ओळखली जाणारी, लोह व फॉस्फेट असलेली बॅटरी उष्णतेस अधिक दाद देत नाहीं. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तेथें हा गुण पाहण्यासारखा आहे. गाडी सावलींत ठेवावी आणि उन्हांत तापून आल्यावर लगेच वीज भरण्यास लावूं नये.

बॅटरीपेक्षां जुन्या वाड्याची वायर अनेकदां अधिक धोक्याची असते. गाडीसाठीं मीटरपासून स्वतंत्र वायर, पक्कें अर्थिंग व झटका बसण्यापूर्वीं प्रवाह तोडणारी कळ परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावी. साध्या १५-१६ अँपियरच्या प्लगवरून ३० किलोवॉट-तासांची बॅटरी भरण्यास सुमारें दहा तास लागतात. इतका वेळ पूर्ण भार वाहणारी वायर पंख्याच्या वायरीला जोडून काम भागवूं नये, आणि हें काम मुलांवर सोंपवूं नये.

घरचा नियम

न्यूझीलंड देशानें १९८७ सालीं तरुणांसाठीं पायरीपायरीनें परवाना देण्याची पद्धति सुरू केली आणि पुढें अनेक देशांनीं तिचें अनुकरण केलें. नवशिक्यास प्रथम अनुभवी माणसाबरोबरच चालवूं द्यावयाचें. मग एकट्यास, पण रात्रीं नाहीं व समवयस्क मित्र बरोबर नाहींत. आणि नंतर पूर्ण मोकळीक. याचें कारण असें कीं, नव्या चालकाचा धोका रात्रीं वाढतो आणि बरोबर मित्र असले म्हणजे आणखी वाढतो. आपल्याकडे शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, त्या काळांत पक्का परवाना असलेला मनुष्य शेजारीं बसावा लागतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. पुढच्या पायऱ्या कायद्यांत नाहींत. त्या घरानेंच बांधल्या पाहिजेत.

त्या अशा असाव्यात. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून पहिले सहा महिने वडील माणूस शेजारीं बसल्यावांचून गाडी फाटकाबाहेर जावयाची नाहीं, मग पक्का परवाना आधीं मिळाला तरी. पुढचे सहा महिने दिवसाउजेडीं, गांव ते खामगांव एवढ्याच टप्प्यांत, आणि गाडींत घरचींच माणसें. घाट व महामार्ग एका वर्षानंतर. समृद्धीवर रात्रीं त्याहूनही उशिरां. मोबाइल गाडीच्या कप्प्यांत बंद. विजेची गाडी आवाजावांचून येते, म्हणून शाळेजवळ आणि वस्तींत तिची चाल माणसाच्या झपझप चालीएवढीच. आणि हे नियम मुलगा, मुलगी व नवी सून यांना सारखेच लागू. मुलींना गाडी शिकवूं नये असें म्हणणारे आतां थोडेच राहिले आहेत. पण मुलग्यांना नियम नसावेत असें मनांतून मानणारे अजून पुष्कळ आहेत.

यांतील सर्वांत अवघड भाग मुलांचा नसून वडील मंडळींचा आहे. वडिलांनीं नाहीं म्हटलेलें आजोबांकडून हो करून घ्यावयाचें, आणि तेथेंही जमलें नाहीं तर काकांकडून, हा एकत्र कुटुंबांतील मुलांचा जुना राजमार्ग. खाऊच्या बाबतींत तो गोड आहे. मोटारीच्या बाबतींत तो दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या जिवावर बेतूं शकतो. म्हणून गाडी घरीं येण्यापूर्वीं सर्व वडील माणसांनीं एकत्र बसून किल्ली कोणा एकाकडे राहील हें ठरवावें. त्याची 'नाहीं' ही सर्वांची 'नाहीं' समजावी आणि स्वतः वडिलांनींही पट्टा व वेग यांचे तेच नियम पाळावेत. फोनवर बोलत गाडी हांकणाऱ्या काकांचा उपदेश पुतण्यास कधींच लागूं पडणार नाहीं.

विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वीं घरांतील सर्वांत तरुण भावी चालकाचें नांव मनांत आणावें आणि स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ही गाडी आदळली तर त्याला वांचवील काय? ती त्याला आदळण्याचा मोह तर पाडणार नाहीं ना? आणि तो गाडी मागावयास येईल त्या दिवशीं, त्याच्या तोंडाकडे पाहूनही नाहीं म्हणणारें कोणी घरांत आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बाजारांत मिळतील. तिसऱ्याचें उत्तर तयार नसेल, तर गाडी घेण्याचा मुहूर्त थोडा पुढें ढकलावा.